फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलसाठी इंजिन ऑईल कसं निवडायचं?

महाराष्ट्रात गाडी हाताळायला शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली असते: ऑईल जितकं घट्ट, तितकं इंजिन सुरक्षित. नागपूरच्या मे महिन्यात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० वर बाईक चालवणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण तोच माणूस मिनेसोटाच्या उत्तरेला, ऑन्टारिओत किंवा फिनलंडच्या वरच्या टोकाला राहायला जातो, दोन-तीन हिवाळ्यांनंतर स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी घेतो आणि दुकानात गेल्यावर हात आपोआप घट्ट ऑईलच्या डब्याकडे वळतो. तिथे ही समजूत महाग पडते. उणे ३० अंशांच्या सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑईल पंपातून निघून बेअरिंग आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचलं पाहिजे. ते तिथे वेळेत पोहोचलं नाही तर त्याच्या घट्टपणाचा इंजिनाला काडीचा उपयोग नाही.

त्यामुळे निवड करताना क्रम असा ठेवा: गाडी जिथे रात्रभर उभी राहते तिथली सर्वांत थंड सकाळ ग्रेडमधला (जसं ०डब्ल्यू-४०) पहिला आकडा ठरवते. दुसरा आकडा इंजिन बनवणारी कंपनी ठरवते. ब्रँड सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात. आधी ब्रँडवरून वाद घालतात आणि ग्रेड दुकानदारावर सोडून देतात.

आधी इंजिन नीट ओळखा

हे वाचायला बाळबोध वाटेल, पण टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलची ऑईल दुकानात एकाच फळीवर, एकाच कंपनीच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत असतात. टू-स्ट्रोकचं ऑईल वेगळ्या टाकीतून थोडं थोडं इंजिनात जातं आणि पेट्रोलबरोबर जळून संपतं. फोर-स्ट्रोकचं ऑईल तेच तेच फिरत राहतं. त्याला महिनोन्‌महिने काजळी, पाणी आणि आम्ल सोसायचं असतं. दोघांची घडण वेगळी आहे. टू-स्ट्रोकचं ऑईल फोर-स्ट्रोकच्या इंजिनात घालायचं नाही.

नावंही घोटाळा करतात. स्की-डूच्या ६०० एसीई, ९०० एसीई, ९०० एसीई टर्बो आणि १२०० फोर-टेक या फोर-स्ट्रोक आहेत. पण ६०० आणि ८५० ई-टेक या टू-स्ट्रोक. ‘फोर-टेक’ आणि ‘ई-टेक’ ऐकायला इतकं जवळ आहे की फोनवर ऑर्डर देताना चूक होते. आर्क्टिक कॅटमध्ये सी-टेक२ म्हणजे टू-स्ट्रोक आणि सी-टेक४ म्हणजे फोर-स्ट्रोक. यामाहाच्या आरएक्स-१, अपेक्स, व्हेक्टर, नायट्रो, साईडवाईंडर या फोर-स्ट्रोक. आरएक्स-१ हे २००३ सालचं मॉडेल; यामाहाच्याच आर-१ मोटरसायकलच्या घराण्यातलं ९९८ सीसीचं इंजिन त्यात होतं आणि वेगवान फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलची ओढ तिथून वाढली. यामाहाने आता स्नोमोबाईल बनवणं थांबवलं आहे. उत्तर अमेरिकेत २०२५ हे शेवटचं मॉडेल वर्ष. पण त्यांच्या जुन्या गाड्या सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत आणि नवशिक्याच्या हाती बहुधा त्यांतलीच एखादी येते.

इंजिनाचं नाव आणि मॉडेल वर्ष कळलं की त्या वर्षाचीच मालकाची पुस्तिका मिळवा. जुन्या गाडीबरोबर ती क्वचितच मिळते, पण कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ असते. तिच्यात तीन गोष्टी शोधा: ग्रेड, एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) प्रत, आणि फिल्टरसकट किती लिटर. बऱ्याच पुस्तिकांत तापमानाचा पट्टा काढून कुठल्या थंडीला कुठली ग्रेड चालेल ते दाखवलेलं असतं. ढोबळ चित्र सांगायचं तर यामाहाच्या आरएक्स-१, अपेक्स पिढीला ०डब्ल्यू-३० आणि स्की-डू, आर्क्टिक कॅटच्या बहुतेक फोर-स्ट्रोकना ०डब्ल्यू-४०. तरीही शेवटचा शब्द तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेचा.

पहिला आकडा: ‘डब्ल्यू’च्या आधीचा

०डब्ल्यू, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू यांतला डब्ल्यू हिवाळ्याचा. हे आकडे ‘एसएई जे३००’ या मानकातून येतात. ०डब्ल्यू म्हणजे ‘घट्टपणा शून्य’ असं नव्हे. प्रत्येक डब्ल्यू-ग्रेडला थंडीतल्या दोन परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा क्रँकिंगची: इंजिन सुरू करताना स्टार्टरला किती जोर लागेल याची. दुसरी पंपिंगची: तळाशी साठलेलं ऑईल पंप ओढू शकेल का याची. पंपिंगची परीक्षा मुद्दाम पाच अंश आणखी थंडीत घेतात, कारण इंजिन सुरू झालं आणि ऑईल वर चढलंच नाही, ही अवस्था सुरू न होण्यापेक्षा वाईट. सुरू न झालेलं इंजिन शाबूत राहतं. मर्यादा अशा आहेत:

- ०डब्ल्यू: क्रँकिंग उणे ३५ अंशांना, पंपिंग उणे ४० अंशांना
- ५डब्ल्यू: क्रँकिंग उणे ३०, पंपिंग उणे ३५
- १०डब्ल्यू: क्रँकिंग उणे २५, पंपिंग उणे ३०
- १५डब्ल्यू: क्रँकिंग उणे २०, पंपिंग उणे २५
- २०डब्ल्यू: क्रँकिंग उणे १५, पंपिंग उणे २०

०डब्ल्यूला उणे ३५ अंशांवर क्रँकिंगचा घट्टपणा ६,२०० मिलिपास्कल-सेकंदांच्या आत ठेवावा लागतो. पंपिंगला सगळ्यांसाठी ६०,००० ची मर्यादा आहे आणि ती वेगवेगळ्या तापमानाला मोजली जाते. आता गॅरेजमध्ये पडलेलं बाईकचं १०डब्ल्यू-४० चालेल का, याचं उत्तर तुम्हीच काढू शकता. उणे ३० ला ते पंपिंगच्या काठावर उभं असतं, आणि त्याच थंडीने बॅटरीचाही जोर ओसरलेला असतो. २०डब्ल्यू-५० चा तर या यादीत विचारच नको.

डब्यावरच्या किंवा माहितीपत्रकावरच्या ‘पोअर पॉइंट’वर विसंबू नका. ‘पोअर पॉइंट उणे ४८’ असं छापलेलं असतं आणि माणूस निश्चिंत होतो. ही चाचणी ऑईल तुलनेने लवकर गार करून घेतात. प्रत्यक्षात गाडी दोन-तीन दिवस उघड्यावर उभी असते, तापमान हळूहळू उतरतं, थोडं वर येतं, पुन्हा उतरतं. अशा सावकाश गारठ्यात ऑईलमधल्या मेणाचे स्फटिक जुळून जाळं तयार करू शकतात. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साऊथ डकोटामधल्या सू फॉल्स भागात हेच घडलं. तोवरच्या चाचण्यांत पास झालेली ऑईल सावकाश गारठून इंजिनात थिजली, पंपाला ती ओढता आली नाहीत आणि इंजिनं खराब झाली. त्यानंतर पंपिंगची चाचणी बदलली. आज ती करताना ऑईल जवळजवळ दोन दिवस सावकाश गार केलं जातं. डब्यावरचा ‘०डब्ल्यू’ हा या कडक परीक्षेचा शिक्का आहे, म्हणून पोअर पॉइंटपेक्षा त्यालाच मान द्या.

तुमची सर्वांत थंड सकाळ ठरवताना मोबाईलवरचं ‘जाणवणारं तापमान’ धरू नका. वाऱ्याने माणसाला उणे ४५ वाटत असेल आणि हवा उणे ३० असेल, तर उभ्या गाडीतलं ऑईल उणे ३० च्या खाली जात नाही. वारा ते लवकर गार करतो, इतकंच. त्याच वेळी गाडी घरी गरम गॅरेजमध्ये असते यावरही विसंबू नका. सहलीला गेल्यावर ती ट्रेलरवर किंवा मोटेलच्या अंगणात रात्र काढते. माझं मत स्पष्ट आहे: पुस्तिका ५डब्ल्यूला परवानगी देत असली तरी उत्तर मिनेसोटा, मॅनिटोबा, क्युबेक, लॅपलँड अशा भागांत ०डब्ल्यूच घ्यावं. फरक फार तर एका पेट्रोल-टाकीच्या पैशांचा.

दुसरा आकडा: इंजिन तापल्यावर

‘०डब्ल्यू-४० म्हणजे पाण्यासारखं पातळ’ हा गैरसमज इथे मोडतो. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती घट्ट राहतं ते सांगतो. ३० च्या ग्रेडला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ला १२.५ ते १६.३, ५० ला १६.३ ते २१.९. म्हणजे तापल्यावर ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० एकाच पट्ट्यात येतात. थंडीतला पातळपणा आणि गरमीतला घट्टपणा ०डब्ल्यू-४० मध्ये एकत्र मिळतो, म्हणून ते महाग.

३० की ४०, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. बेअरिंगमधली फट, पंपाची क्षमता, ऑईलच्या वाटा हे सगळं कंपनीने एका ग्रेडला धरून आखलेलं असतं. ०डब्ल्यू-३० सांगितलेल्या यामाहात ‘जरा जास्त सुरक्षित’ म्हणून ५० ची ग्रेड घालू नका. तसंच ४० सांगितलेल्या टर्बो इंजिनात कारसाठी आणलेलं ०डब्ल्यू-२० ओतू नका.

आणखी एक आकडा डब्यावर नसतो. तो माहितीपत्रकात शोधावा लागतो. १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात ऑईल किती घट्टपणा टिकवतं याची चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. ३० च्या ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद आणि ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ लागतात. यामाहाची चार सिलिंडरची इंजिनं दहा हजार आरपीएमच्या वर जातात. अशा इंजिनासाठी ०डब्ल्यू-३० घेताना, दोन डब्यांत निवड असेल तर ज्याचा हा आकडा ३.५ च्या आसपास आहे तो मी उचलेन. डब्यावर ‘एसीईए ए३/बी४’ ही युरोपीय कार कंपन्यांच्या संघटनेची प्रत लिहिलेली असेल तर तो ३.५ च्या वर असणारच, कारण त्या प्रतीची ती अटच आहे.

आणि बर्फात गाडी तापते कशाला, असं वाटत असेल तर स्नोमोबाईल थंड कशी राहते ते बघा. बहुतेक गाड्यांत कूलंट टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणाच्या) आतल्या हीट एक्स्चेंजरमधून फिरतं आणि ट्रॅकने, म्हणजे गाडी ओढणाऱ्या रबरी पट्ट्याने, उडवलेला भुसभुशीत बर्फ त्याला गार करतो. गोठलेल्या तळ्यावर किंवा कडक झालेल्या ट्रेलवर उडायला बर्फच नसतो. मग उणे १५ च्या हवेतही कूलंटचा दिवा लागतो आणि ऑईलही त्याच्याबरोबर तापतं. स्क्रॅचर लावलेत तर ते कडक बर्फ खरवडून थोडा चुरा आत उडवतात. वसंतात ओल्या बर्फात आणि खाली खडक लागायला लागल्यावर हा प्रकार जास्त होतो. ऑईलला एकाच दिवसात उणे तीस आणि अधिक शंभर अशी दोन्ही टोकं बघावी लागतात, ती अशी.

डब्याच्या मागचे शिक्के

मागच्या बाजूला एपीआयचं गोल चिन्ह बघा. वरच्या अर्ध्यात एसएन, एसपी अशी अक्षरं असतात; मधे ग्रेड. एसएन २०१० पासूनचं, एसपी २०२० पासूनचं. नवी प्रत जुन्या प्रतीची जागा घेते, म्हणून पुस्तिकेत एसजी, एसएल किंवा एसएम लिहिलं असेल तर एसपी चालतं. उलटं चालत नाही.

काही डब्यांवर पुढे चांदणीसारखं, कडेला टोकं असलेलं आणखी एक चिन्ह असतं. ते नसलं तर ऑईल हलकं आहे असं समजू नका. ते चिन्ह कारच्या इंधन बचतीच्या मानकाचं आहे आणि ३० पेक्षा घट्ट ग्रेडला मिळतच नाही. उत्तम दर्जाच्या ०डब्ल्यू-४० च्या डब्यावरही ते दिसणार नाही.

बाईकवाल्यांना जासो एमए आणि एमए२ या मोटरसायकल ऑईलच्या जपानी प्रती माहीत असतात. मोटरसायकलचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो, म्हणून घर्षण फार कमी करणारं ऑईल तिथे क्लच घसरवतं. स्नोमोबाईलचा क्लच कोरडा असतो आणि बेल्टवर चालतो. इंजिन ऑईलचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यामुळे एमए असणं सक्तीचं नाही. मात्र तुमच्या पुस्तिकेत घर्षण कमी करणारी, ऊर्जा वाचवणारी ऑईल टाळा असं लिहिलं असेल तर ते पाळा. काही इंजिनांत स्टार्टरचा एकतर्फी क्लच त्याच ऑईलवर चालतो.

चेनकेसचं ऑईल निराळं असतं, हेही ध्यानात ठेवा. ट्रॅकला फिरवणारी साखळी ज्या डब्यात असते तिथलं ऑईल आणि इंजिनाचं ऑईल एकमेकांच्या जागी घालायचं नाही.

सिंथेटिक की साधं?

०डब्ल्यू ग्रेड साध्या खनिज तेलातून बनवणं व्यवहारात जमत नाही, त्यामुळे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. ‘सिंथेटिक’ या एका शब्दाखाली दोन-तीन प्रकारची मूळ तेलं येतात: खूप शुद्ध केलेलं खनिज तेल, ज्याला ग्रुप ३ म्हणतात, पीएओ, म्हणजे रसायनांतून घडवलेलं तेल, ज्याला ग्रुप ४ म्हणतात, आणि एस्टर, जे ग्रुप ५ मध्ये येतात. पीएओमध्ये मेण जवळजवळ नसतंच, म्हणून ते कडाक्याच्या थंडीत सर्वांत सरस. पण चांगल्या ग्रुप ३ मधूनही परीक्षा पास होणारं ०डब्ल्यू-४० बनतं. डबा पीएओचा आहे का यावर डोकं शिणवण्यापेक्षा ०डब्ल्यूचा शिक्का आणि एपीआयची प्रत खरी आहे का ते बघणं जास्त कामाचं.

टर्बो असेल तर सिंथेटिकवर तडजोड नको. टर्बोच्या शाफ्टजवळ ऑईल प्रचंड तापतं. जोरात चालवून लगेच इंजिन बंद केलं की तिथलं ऑईल हलायचं थांबतं आणि तिथेच भाजून कोळसा होतं. ९०० एसीई टर्बो किंवा साईडवाईंडर चालवत असाल तर थांबल्यावर एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. ही सवय कुठल्याही महागड्या डब्यापेक्षा जास्त वाचवते.

वेगळी मिळणारी ‘इंजिन ट्रीटमेंट’ घालू नका. ऑईलमध्ये रसायनांचं प्रमाण ठरवून बसवलेलं असतं. वरून काही ओतलं की ते मोडतं.

कंपनीचंच ऑईल घ्यावं का?

स्की-डूचं एक्सपीएस, यामाहाचं यामाल्युब ही ऑईल त्या त्या इंजिनावर तपासलेली असतात. वॉरंटी चालू असेल आणि किमतीतला फरक झेपत असेल, तर निमूट तेच घ्यावं, असं माझं मत. वाद टळतो. पण दुसरं ऑईल घातलं म्हणून वॉरंटी आपोआप जाते, असं दुकानदार सांगत असेल तर ते पूर्ण खरं नाही. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. ऑईल फुकट दिल्याशिवाय किंवा सरकारी सूट मिळवल्याशिवाय कंपनीला वॉरंटी एखाद्या विशिष्ट ब्रँडला बांधता येत नाही. ऑईल मात्र पुस्तिकेतल्या ग्रेडचं आणि प्रतीचं हवं, आणि बिलं तुमच्याजवळ हवीत. कॅनडात किंवा युरोपात राहत असाल तर तुमच्या वॉरंटीचा कागद वाचून ठरवा.

वॉरंटी संपली असेल तर युरोपीय कारसाठीचं एपीआय एसएन किंवा एसपी आणि एसीईए ए३/बी४ लिहिलेलं पूर्ण सिंथेटिक ०डब्ल्यू-४० हा ०डब्ल्यू-४० मागणाऱ्या इंजिनासाठी चांगला आणि सहज मिळणारा पर्याय आहे. डिझेल ट्रकचं सिंथेटिक ५डब्ल्यू-४० ही अनेक जण वापरतात. त्यात एक अट: डब्यावर डिझेलच्या ‘सी’ प्रतीबरोबर पेट्रोलची ‘एस’ प्रतही लिहिलेली हवी, आणि तुमची थंडी उणे ३० च्या खाली जाणारी नको.

ऑईल बदलण्याची पद्धत

१. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून कोमट करा. गार ऑईल सगळं निथळत नाही, आणि फार तापलेलं असेल तर हात भाजतो.

२. तुमचं इंजिन ड्राय संपचं आहे का ते पुस्तिकेत बघा. ड्राय संपमध्ये ऑईल वेगळ्या टाकीत असतं, इंजिनाच्या तळाशी थोडंच. अशा इंजिनाला बहुधा दोन ड्रेन बोल्ट असतात. एकच उघडला तर जुनं ऑईल मोठ्या प्रमाणात आत राहतं. मग मोजून भरलेलं नवं जास्त होतं.

३. बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दरवेळी नवा घाला. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळा. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं. जोर लावला की आटे जातात आणि काही डॉलरचं काम शेकड्यांवर जातं.

४. फिल्टर बदला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. नव्या रिंगला थोडं ऑईल लावा.

५. पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमीच भरा. इंजिन सुरू करा, ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझतो का बघा. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर आयडलवर चालू ठेवून कुठे गळती नाही ना ते बघा, आणि मग पातळी पाहून उरलेलं भरा.

पातळी बघण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हे जरा सविस्तर. कारचं ऑईल आपण सकाळी, गार इंजिनात बघतो. ड्राय संपच्या स्नोमोबाईलमध्ये हे चालत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर टाकीतलं ऑईल हळूहळू इंजिनाच्या तळाशी झिरपतं. डिपस्टिक कोरडी दिसते आणि माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो. मग इंजिन तापलं की ऑईल टाकीत परत येतं, टाकी तुडुंब होते आणि जादा ऑईल ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात जातं. यामाहाच्या जुन्या गाड्या विकत घेताना एअरबॉक्समध्ये ऑईल दिसलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. अशा इंजिनाची पातळी इंजिन पुरतं तापवून, सपाट जागेवर, थोडा वेळ आयडलवर ठेवून, बंद केल्यावर पुस्तिका सांगते तितक्या वेळात बघायची. डिपस्टिक पूर्ण फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हेही मॉडेलप्रमाणे बदलतं.

कधी बदलायचं? बहुतेक पुस्तिका वर्षातून एकदा किंवा ठरावीक किलोमीटर, यांतलं जे आधी येईल ते सांगतात. नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल लवकर. वर्षाचा बदल मार्च-एप्रिलमध्ये, गाडी उन्हाळ्यासाठी आत ठेवण्याआधी करा. हंगामभर वापरलेल्या ऑईलमध्ये पाणी आणि आम्ल साचलेलं असतं आणि ते सहा-सात महिने बेअरिंगवर बसू देणं चुकीचं. नवं ऑईल भरून पाच-दहा मिनिटं फिरवा म्हणजे ते सगळीकडे पसरेल. उन्हाळ्यात मधूनमधून पाच मिनिटं इंजिन सुरू करण्याची सवय काहींना असते. ती सोडा. इतक्या वेळात इंजिन तापत नाही, फक्त आत ओल धरते.

झाकणाखालचा पांढरा साका

थंडीत ऑईलच्या झाकणाखाली दुधट, पिवळसर साका दिसला की लोक घाबरतात. ज्वलनातून पाण्याची वाफ बनते, थोडी ऑईलपर्यंत येते आणि गार झाकणावर तिचं पाणी होऊन ऑईलमध्ये मिसळतं. फक्त झाकणाखाली आणि नळीच्या तोंडाशी असेल, डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर लांबची एक राईड बहुतेकदा पुरते. अंगणात फेरी मारून गाडी बंद करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. पण डिपस्टिकवरचंही ऑईल दुधट असेल आणि कूलंटची बाटली उतरत असेल, तर इंजिन सुरू करू नका. आधी मेकॅनिकला दाखवा.

दुसरं लक्षण जास्त फसवं आहे: न भरता ऑईलची पातळी वाढणं. गार इंजिनात पेट्रोल जास्त फवारलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. छोट्या फेऱ्यांत ते उडून जात नाही, साठत जातं, आणि तुमचं ४० चं ऑईल हळूहळू ३० सारखं पातळ होतं. डिपस्टिक नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येतो. अशा वापरात किलोमीटर मोजत बसू नका, हंगामाच्या मध्यावरच ऑईल बदला. ज्यांना नक्की जाणून घ्यायचं आहे ते जुन्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. पेट्रोलचं प्रमाण, पाणी, धातूचे कण असा अहवाल मिळतो. जुनी महागडी गाडी असेल तर तो खर्च योग्य.

बदललेलं ऑईल डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात किंवा गावच्या संकलन केंद्रात द्या. बर्फावर किंवा गटारात ओतलं तर बर्फ वितळल्यावर ते थेट तळ्यात जातं. एअरबॉक्सच्या झाकणाच्या आत तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहिलेली पट्टी चिकटवा. पुढच्या वेळी किंवा गाडी विकताना कामी येते.

लांबच्या ट्रेलवर जाताना त्याच ग्रेडचं एक लिटर बरोबर घ्या आणि रात्री ते गाडीवर न ठेवता खोलीत आणा, नाहीतर सकाळी बाटलीतून धार पडायला वेळ लागतो. वाटेत ऑईल कमी पडलं आणि छोट्या गावातल्या पेट्रोल पंपावर फक्त कारचं ५डब्ल्यू-३० मिळालं, तर कमी ऑईलवर चालवण्यापेक्षा ते अर्धा लिटर घाला. एपीआयचा शिक्का असलेली ऑईल एकमेकांत मिसळली तरी फाटत नाहीत, तशी त्यांची चाचणीच असते. घरी पोहोचल्यावर ते सगळं काढून योग्य ग्रेडचं भरा.